घसरगुंडी, छर्रा आणि पैंजणाचे घुंगरू: नववीच्या ‘गतीचे नियम’साठी केलेल्या उपकरणाच्या नोंदी

१८ जून

शाळा सुरू होऊन तीन दिवस झाले. नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. दरवर्षी तो फळ्यावर होतो. तीन समीकरणं, चार उदाहरणं, झालं. गेल्या वर्षीच्या पोरांनी v² = u² + 2as अगदी बिनचूक लिहिलं होतं. त्याच पोरांना तोंडी विचारलं, की उतारावरून जड गोटी आणि हलकी गोटी एकदम सोडली तर आधी कोण पोहोचेल, तर सगळा वर्ग एका सुरात, “जड!” समीकरण वहीत राहिलं, गोटी डोक्यात शिरलीच नाही.

म्हणून यंदा उतार करायचा. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या पुस्तकात स्वतःचा प्रयोग सांगितला आहे: लाकडात कोरलेली गुळगुळीत खोबण, ब्राँझचा गोळा आणि वेळ मोजायला पाणी. सरळ खाली पडणारी वस्तू डोळ्यांना सापडत नाही, म्हणून त्याने ती उतारावर घालून संथ केली. आपणही तेच करायचं. सादिलमधून (शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशांतून) दोन हजार मिळतील असं मुख्याध्यापक म्हणाले आहेत. पावती पाहिजे.

२१ जून

पहिला डाव फसला. गोदामात दोन इंची पीव्हीसी पाइप पडला होता. प्लंबरकडून उभा चिरून घेतला (६० रुपये) आणि दोन बाकांवर टेकवला. छर्रा म्हणून ट्रकच्या जुन्या बेअरिंगमधली पोलादी गोळी घेतली. गॅरेजवाल्याने फुकट दिली. व्यास १९ मिमी, वजन २८ ग्रॅम.

गोळी सोडली की ती पाळण्यात झोके घेतल्यासारखी डावी-उजवीकडे डोलत खाली येते. शिवाय पाइप मधोमध पोटात गेला होता, म्हणजे अर्ध्यापर्यंत उतार आणि पुढे जवळजवळ सपाटी. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, ह्यो मधीच थकतोय.” बरोबर होतं त्याचं. अर्धगोल पाइप कुणी वापरू नका. खाली विटा लावून पोक काढता येईल, पण ते डोलणं काही जात नाही.

२६ जून

सुतारनानांनी आठ फुटी फळीवर रंध्याने खोबण काढून दिली. मजुरी ३००, फळी त्यांच्याकडचीच. सोमवारी सुंदर चालली. आज गुरुवार. आमच्या पाटण खोऱ्यात तीन दिवस पाऊस ओततोय आणि प्रयोगशाळेची एक खिडकी लागत नाही. सकाळी दोरी ताणून पाहिली, तर मधल्या भागात फळी दोरीपासून ९ मिमी वर उचललेली. नानांना विचारलं. ते म्हणाले, “गुरुजी, लाकूड हाय, पावसात फुगणारच. दिवाळीला या.” परीक्षा दिवाळीपर्यंत थांबत नाही. तीनशे रुपये पाण्यात गेले, अक्षरशः.

३० जून

कराडला गेलो. ॲल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात एक इंची ‘एल’ अँगल मिळतो. तो कोपऱ्यावर उभा धरला की आपोआप ‘व्ही’ आकाराची खोबण तयार होते. बारा फुटी नग, वजन साधारण १ किलो ४०० ग्रॅम, ४९० रुपये. दुकानदाराने विचारलं, “खिडकी का?” म्हटलं, “गॅलिलिओ.” त्याने पावतीवर ‘खिडकी’ लिहिलं.

बारा फुटी नग एसटीत घ्यायला कंडक्टर तयार होईना. दहा फुटांवर कापून घेतला आणि वडापच्या टपावर बांधून आणला. उरलेला दोन फुटी तुकडाही टाकू नका, पुढे लागतो.

३ जुलै

आज मांडणी. वेल्डिंगवाल्याकडून दीड इंची चौकोनी पाइप आणला (४२० रुपये). त्यावर दर ६० सेमीला एक लाकडी ठोकळा, ठोकळ्यात व्ही खाच, खाचेत अँगल. ठोकळे चिकटवण्याआधी वरून लाइनदोरी ताणून एकेकाखाली पत्त्यांच्या कागदाचे तुकडे सारले. एवढ्यातच दोन तास गेले, पण ही पायरी गाळू नका. दोरीत दोन मिमीचा फरक राहिला तरी गोळीच्या आवाजात तो ऐकू येतो.

गोळी सोडायची कशी, यावरही अर्धा तास गेला. चिमटीने सोडली की पोरं नकळत ढकलतात. पुढे पट्टी धरून ती वर उचलली तर पट्टी गोळीला घासते आणि तिला उलटी फिरकी देते. शेवटी पट्टी गोळीच्या पुढ्यात धरायची आणि उताराच्याच दिशेने झटकन पुढे ओढून बाजूला घ्यायची असं ठरलं. पट्टी गोळीपेक्षा वेगाने पळते, त्यामुळे धक्का लागत नाही.

५ जुलै

शनिवार, सकाळची शाळा. पहिली मोजमापं. उतार ३०० सेमी, वरचं टोक खालच्यापेक्षा १५ सेमी उंच. गोळीने कापायचं अंतर २८० सेमी. पाच पोरं पाच मोबाइलचे स्टॉपवॉच घेऊन बसली. सरासरी ४.७७ सेकंद.

त्वरण काढलं: दुप्पट अंतर भागिले वेळेचा वर्ग, म्हणजे ५.६० भागिले २२.७५, ०.२४६ मी/से². उतार वीसात एक, म्हणून वीसने गुणलं. g, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, आला ४.९. पुस्तकात ९.८.

वर्गात शांतता. मग एक मुलगी उठली. “सर, आपल्या गावात गुरुत्वाकर्षण निम्मंच आहे?”

हसलो, पण उत्तर नव्हतं. सहकारी म्हणाले, “घर्षण म्हणून सांगा आणि पुढं चला.” ते काही पटलं नाही. गुळगुळीत ॲल्युमिनियमवर गडगडणाऱ्या पोलादी गोळीचं अर्धं त्वरण घर्षण कसं खाईल? घर्षण हा आमच्या प्रयोगवहीतला पेटंट गुन्हेगार आहे. कुठलंही उत्तर चुकलं की त्याच्या नावावर खपवायचं.

७ जुलै

पहिली चूक सापडली, तीही माझीच. उंची मी फरशीपासून मोजली होती. शिपाईमामा फरशी पुसताना म्हणाले, “सर, हितलं पाणी समदं दाराकडं जातंय.” गवंड्याची लेव्हल पाइप आणली, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन्ही टोकांतलं पाणी एका पातळीत असतं, एवढंच तिचं शास्त्र. तीन मीटरमध्ये फरशी दाराकडे १४ मिमी उतरलेली होती, आणि उताराचं उंच टोक नेमकं दाराकडे. म्हणजे १५ सेमी नव्हतेच, होते १३.६. स्टँडखाली पट्ट्या घालून खरे १५ केले.

पुन्हा वीस वेळा मोजलं: सरासरी ४.५५ सेकंद. त्वरण ०.२७. म्हणजे g आला ५.४. थोडी सुधारणा, पण अजून कुठे ९.८ आणि कुठे ५.४. दुसरा चोर घरातच आहे.

९ जुलै

त्याआधी स्टॉपवॉचवर विश्वास ठेवायचा का, हे पाहायचं होतं. त्याच एका धावेला पाच पोरांचे आकडे ४.३८ ते ४.७१ येतात. मग गॅलिलिओचंच घड्याळ केलं. १५ लिटरची बादली टेबलावर, तळाशी नळी, खाली पेला आणि स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा (घरून आणला, बायकोला सांगून). धार सेकंदाला साधारण १८ ग्रॅम.

पहिल्यांदा नळी बोटाने दाबून चालू-बंद केली. बोट काढताना-लावताना दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे. मग एका पोराने सुचवलं, की धार चालूच ठेवायची, पेलाच धारेखाली सरकवायचा आणि काढून घ्यायचा. फरक लगेच दिसला. बादलीतलं पाणी एका खुणेपर्यंत परत परत भरत राहायचं, नाहीतर धार मंदावते.

संपूर्ण २८० सेमीला ८३ ग्रॅम, ८२, ८४, ८२. मग गोळी फक्त शेवटच्या खुणेपासून ७० सेमी अंतरावरून सोडली, म्हणजे पाव अंतर: ४२, ४१, ४२. पाव अंतराला निम्मं पाणी! वर्गात याआधी कुणी काट्यावरच्या आकड्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. सेकंद नाही, स्टॉपवॉच नाही, तरी अंतर वेळेच्या वर्गावर चालतं हे पेल्यात दिसलं.

प्रयोगशाळाभर पाणी झालं. मामा आज बोलत नाहीत.

१४ जुलै

घुंगरांचा दिवस. फ्लोरेन्सच्या गॅलिलिओ संग्रहालयात घंटा लावलेला एक उतार आहे. तो गॅलिलिओचा स्वतःचा नव्हे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. आपल्याकडे बेंदूर नुकताच झाला, तेव्हा घराघरात बैलांच्या घुंगरमाळा उतरवून ठेवलेल्या. चार घुंगरं आली. उतारावर आडव्या तारेच्या कमानी, त्यांना दोऱ्याने टांगलेलं घुंगरू, गोळीच्या माथ्याला जेमतेम लागेल असं.

आधी घुंगरं सारख्या अंतरावर लावली, दर ६० सेमीला. छन्…… छन्…. छन्.. छन्. ठोके जवळ जवळ येत गेले. घोडा दौडीला लागावा तसं. “वेग वाढतोय” हे वाक्य फळ्यावर लिहायची गरजच उरली नाही.

मग १५, ६०, १३५, २४० सेमीवर लावली: एक, चार, नऊ, सोळा. आता ठोके समान यायला हवेत. मला समान वाटले. सगळ्यांना वाटले. पण आमच्या वर्गात जत्रेत हलगी वाजवणारा एक मुलगा आहे, गणितात कायम काठावर पास. तो डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, “नाय सर. तिसरा ठोका लांबतोय. चौथा लईच.”

पुन्हा सोडली. तो बोटाने बाकावर ठेका धरून बसला होता. त्याचा ठेका आणि घुंगरू तिसऱ्याला फुटले.

१५ ते २१ जुलै

त्याचं खरं-खोटं करायचं म्हणून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या संगणकाच्या प्रोग्राममध्ये उघडायचं ठरवलं. आवाजाची रेघ पडद्यावर दिसते, दोन शिखरांमधलं अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येतं. फुकट मिळतं, शाळेच्या जुन्या संगणकावरही चालतं.

पण आमचं छप्पर पत्र्याचं. आठवडाभर पाऊस असा, की रेकॉर्डिंगमध्ये घुंगरू कुठलं आणि पत्रा कुठला हे ओळखता येईना. सहा दिवस वाया. या काळात गोळीवर गंजाचे ठिपकेही आले. मी शहाणपणा करून शिवणयंत्राचं तेल लावलं, तर त्याला खडूची पूड चिकटून गोळी आणखी खरखरीत झाली. कोरड्या फडक्याने पुसा आणि डब्यात तांदळाबरोबर ठेवा, बास.

२२ जुलै

दुपारी अर्धा तास उघडीप. धावत सुटलो. चार ठोक्यांमधली अंतरं (पहिलं पट्टीच्या आवाजापासून): १.०६, १.१०, १.१९, १.३१ सेकंद.

हलगीवाला बरोबर होता. वर्गासमोर तसं सांगितलं. कान लाल झाले त्याचे.

कारण उघड होतं: बैलाचं घुंगरू जड. २८ ग्रॅमच्या गोळीला प्रत्येक धडकेत ते स्वतःला ढकलायला लावतं आणि तिच्या संवेगातला (वस्तुमान गुणिले वेग) वाटा काढून घेतं. गोळी जितकी वेगात तितका वाटा मोठा. धड्याच्या शेवटी येणारी ‘संवेग अक्षय्यता’ इथे न बोलावता हजर झाली. एका मुलीने धाकट्या बहिणीचं तुटलेलं पैंजण आणलं, त्यातली चार घुंगरं काढली. एकेक ग्रॅमभरही नाही. पाऊस पुन्हा येण्याआधी तीन धावा मिळाल्या: १.०६, १.०५, १.०५, १.०७.

२५ जुलै

आता ते निम्मं g. रात्री कागद घेऊन बसलो आणि लाज वाटली, कारण उत्तर बी.एस्सी.ला शिकलो होतो. गोळी घसरत नाही, गडगडते. उंची गमावून मिळालेल्या ऊर्जेतली काही पुढे जाण्यात आणि काही स्वतःभोवती फिरण्यात जाते. सपाट तळावर गडगडणाऱ्या भरीव गोळीचं त्वरण g sinθ च्या (म्हणजे घर्षणाशिवाय नुसती घसरली असती तर येणाऱ्या त्वरणाच्या) ५/७ असतं. आमची गोळी तर तळावर नव्हे, व्हीच्या दोन भिंतींवर टेकते. टेकण्याची रेषा केंद्राच्या जवळ आली, म्हणून तेवढंच अंतर कापायला तिला जास्त गरगरावं लागतं. काटकोनी व्हीसाठी हिशेब ५/९ येतो.

मोजलेलं ०.२७०५. त्याला २० ने आणि ९/५ ने गुणलं: ९.७४. एकट्यानेच चहा केला आणि प्यालो.

पण पोरांना ५/९ सांगून काय उपयोग? दाखवायला हवं. खिडकीच्या सरकत्या काचेचा सपाट तळाचा चॅनेल आणला (२१० रुपये) आणि त्याच ठोकळ्यांवर, त्याच उताराला बसवला. तीच गोळी, तेच २८० सेमी. सेकंद ४.०८! जवळपास अर्धा सेकंद आधी. बल तेच, गोळी तीच, बदललं फक्त टेकणं. (हिशेबाने ४.०० यायला हवं होतं. गोळी कडांना घासत होती, त्याचा आवाजही येत होता. इथे मात्र घर्षणाचा गुन्हा सिद्ध आहे.)

पुन्हा व्ही लावला आणि काचेची गोटी आणि पोलादी गोळी आळीपाळीने सोडल्या. दोन्हींची वेळ तीच. गेल्या वर्षीच्या वर्गाचं ते एका सुरातलं “जड!” आता कुणाच्या तोंडी नव्हतं. टेबल टेनिसचा पोकळ चेंडू मात्र साडेपाच सेकंदांच्या पुढे गेला. “हलका म्हणून?” “मग गोटी का नाही मागं राहिली?” हे भांडण त्यांचं त्यांनी दहा मिनिटं चालवलं, मी मध्ये पडलो नाही. ‘पोकळ आहे, सगळं वजन सालीत आहे’ हे शेवटी सीताफळ खाणाऱ्या घरातल्या पोरीने काढलं. उलटं उदाहरण देऊन, पण काढलं.

३१ जुलै ते ६ ऑगस्ट

न्यूटनच्या दुसऱ्या नियमासाठी (बल दुप्पट तर त्वरण दुप्पट) गाडी. यावर थोडक्यात लिहितो, कारण यात चुका सगळ्यांच्याच होतात आणि त्याच होतात.

लाकडी फळीला ६०८ नंबरची चार बेअरिंगं चाकं म्हणून लावली (१६० रुपये), वजन ६०० ग्रॅम. टेबलाच्या कडेला शिवणयंत्राची बॉबिन कप्पी म्हणून, दोऱ्याला पारडं. पहिला दोरा रबरासारखा ताणायचा, गाडी हिसके देत जायची. मासे पकडायची तंगूस लावली, प्रश्न मिटला. दोरा टेबलाला समांतर हवा. आमचा तिरका होता, गाडी पुढून दाबली जायची.

पारड्यात १००, २००, ३०० ग्रॅम टाकून आलेख काढला तर रेषा वरती जाताना वाकते. ३०० ग्रॅमला पोरांचा हिशेब ४.९ मी/से², मोजलेलं जेमतेम ३.२. कारण पारड्यातलं वजनही गाडीबरोबर पळतं आणि पळणारं एकूण वस्तुमान दरवेळी बदलतं. उपाय: सगळी वजनं आधी गाडीवरच ठेवायची आणि तिथली एकेक उचलून पारड्यात टाकायची. एकूण वस्तुमान तेच राहतं, बदलतं फक्त बल. रेषा सरळ झाली.

तरी ती शून्यातून जाईना. बेअरिंगचं घर्षण. टेबलाच्या मागच्या पायांखाली वर्तमानपत्राच्या घड्या सारत गेलो. दोरा न लावता गाडीला बोटाने टिचकी मारायची आणि पाहायचं. सातव्या घडीला ती ना थांबली ना पळत सुटली, एकसारखी टेबलाच्या टोकापर्यंत गेली. मी गाडी झेलायला पुढे झालो, तेवढ्यात मागून एकजण हळूच म्हणाला, “सर, हाच पहिला नियम की.”

होता. बलं एकमेकांत फिटली की गती तशीच चालू राहते. मी तो दुसऱ्या नियमाची तयारी म्हणून उरकत होतो.

११ ऑगस्ट

हिशेब. पाइप ६०, फळी ३००, अँगल ४९०, चौकोनी पाइप ४२०, चॅनेल २१०, बेअरिंग १६०, तंगूस, तार, खिळे, गोंद मिळून १४०. एकूण १,७८०. यातले ३६० पहिल्या दोन फसलेल्या डावांचे. तुम्ही थेट अँगलपासून सुरुवात केलीत तर १,४२० मध्ये भागेल, आणि नुसता उतार हवा असेल तर हजाराच्या थोडं पुढे. वेळ मात्र आठवडे जवळपास आठ, त्यातला मोठा वाटा पावसाने आणि माझ्या फरशीने खाल्ला.

राहिलेलं काम: समोरासमोर दोन उतार जोडून गोळी पलीकडे किती उंच चढते ते दाखवायचं आहे. दोन फुटी उरलेला तुकडा त्यासाठी ठेवला होता. सांध्यावर गोळी उडते आणि १५ सेमीवरून सोडलेली जेमतेम ९ सेमी चढते. वायरिंगची केसिंगपट्टी गरम पाण्यात वाकवून सांधा करून पाहिला, ती दुसऱ्या दिवशी परत सरळ झाली. वेल्डिंगवाला म्हणतो, अँगल रोलरमध्ये वाकवून देतो, पण खोबण चेपणार नाही याची हमी देत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर तुकडा घेऊन त्याच्याकडे जायचं आहे. हलगीवाला बरोबर येतो म्हणालाय.